ध्वनिमुद्रणातील ‘भव्यता’ : एका समीक्षा-संज्ञेची तपासणी

१

मराठीतील संगीतविषयक लेखनात ‘भव्य’ हे विशेषण अलीकडे फार सैलपणे वापरले जाते. चित्रपटगीत असो, जुन्या नाट्यपदाचे नवे मुद्रण असो, की एखाद्या भक्तिगीताची नवी आवृत्ती असो, त्यात तंतुवाद्यांचा मोठा समूह वाजला किंवा गायकाचा सूर शेवटी दूरवर रेंगाळला, की परीक्षणकर्त्याच्या लेखणीतून हा शब्द आपोआप उतरतो. शब्द उतरला की विवेचन संपते. ही भव्यता ध्वनीच्या कोणत्या गुणात आहे, ती कशी साधली गेली, आणि जेथे साधली गेली नाही तेथे काय कमी पडले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

ज्या समीक्षेला आपल्या मुख्य विशेषणाचा अर्थ सांगता येत नाही, ती गुणदोष वेगळे करू शकत नाही. आणि तिच्या आधाराने शिकणारा नवा कलावंत विशेषणाच्या बाह्य खुणांचेच अनुकरण करतो. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आज नेमके हेच घडत आहे. म्हणून ‘भव्यता’ ह्या संज्ञेचे पृथक्करण करणे आणि मराठी मुलखात घडलेल्या काही कृतींवर ते पृथक्करण पडताळून पाहणे अगत्याचे ठरते. ध्वनिमुद्रणातील मोठेपणा हा ध्वनीच्या राशीचा गुण नसून ध्वनीध्वनींमधील संबंधाचा गुण आहे, हा ह्या विवेचनाचा मुख्य सिद्धान्त होय.

२

परीक्षणाच्या भाषेने जे भेद गमावले, ते बोलीभाषेने मात्र जपून ठेवले आहेत. ‘घुमणे’ आणि ‘दुमदुमणे’ ही दोन क्रियापदे ह्या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. दोन्ही क्रियापदे नादाविषयी बोलतात, परंतु त्यांची वाक्यरचना सारखी नाही. ‘घुमणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता प्राधान्याने ध्वनी किंवा ध्वनी करणारा असतो आणि स्थळ अधिकरण म्हणून येते : गाभाऱ्यात ओंकार घुमतो, दरीत बासरी घुमते, वळचणीला पारवा घुमतो. ‘दुमदुमणे’ ह्याचा कर्ता प्राधान्याने स्थळ असते आणि ध्वनी करण म्हणून येतो : टाळमृदंगाच्या गजराने पंढरी दुमदुमते, जयघोषाने गड दुमदुमतो. पहिल्या रचनेत एक ध्वनी एका पोकळीत फिरतो आणि त्या पोकळीची जाणीव करून देतो. दुसऱ्या रचनेत अनेक ध्वनी मिळून स्थळ भरून टाकतात, आणि पोकळी उरतच नाही. पहिल्याला ‘अवकाश’ म्हणावे, दुसऱ्याला ‘व्याप’ म्हणावे.

तिसरा शब्द ‘पडसाद’ हा आहे. संस्कृत ‘प्रतिशब्द’, प्राकृत ‘पडिसद्द’ अशा मार्गाने आलेल्या ह्या शब्दाच्या पोटातच ‘प्रति’ हा उपसर्ग दडलेला आहे. पडसाद एकटा असू शकत नाही. आधी साद असावी लागते, आणि दोहोंच्या मध्ये काही काळ जावा लागतो. ह्या तिसऱ्या अर्थाला ‘क्रम’ हे नाव योग्य होईल.

अवकाश, व्याप आणि क्रम ह्या तीन स्वतंत्र गोष्टी ‘भव्य’ हे एकच विशेषण गिळून टाकते. परिणामी चाळीस व्हायोलिने आणि एक रेंगाळणारा सूर ह्यांची वाखाणणी एकाच शब्दाने होते, आणि क्रमाची तर दखलच घेतली जात नाही. वस्तुतः इतर दोहोंना अर्थ प्राप्त होतो तो क्रमामुळेच.

३

अवकाश मोठा असला की ध्वनी मोठा वाटतो, हा समज सर्वत्र आढळतो. त्याची परीक्षा करण्यास संगीतसभागृहच पाहिजे असे नाही. जालना एमआयडीसीतील एखादी पत्र्याची शेड त्यासाठी अधिक उपयोगी पडते. लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या कारखान्यांची ही वसाहत; उंच छप्पर, सिमेंटची जमीन आणि पत्र्याच्या भिंती असलेल्या शेडी येथे ओळीने उभ्या आहेत. उदाहरणादाखल ६० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १० मीटर उंच अशी एक रिकामी, दारे बंद केलेली शेड कल्पावी. तिचे घनफळ १२,००० घनमीटर होते, आणि जमीन, छप्पर व भिंती धरून पृष्ठभाग ४,००० चौरस मीटर होतो. हे पृष्ठभाग त्यांच्यावर पडलेल्या ध्वनीपैकी सरासरी दहावा हिस्सा शोषून घेतात असे मानले, तर हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन ह्यांनी १८९५ नंतरच्या आपल्या प्रयोगांतून बसवलेल्या सूत्रानुसार अशा शेडीत ध्वनी ६० डेसिबलने उतरण्यास सुमारे ४.८ सेकंद लागतील. सबाइन ह्यांच्याच सल्ल्याने बांधलेल्या आणि १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये हा काळ श्रोते असताना दोन सेकंदांहून थोडा कमीच भरतो.

अशा शेडीत उभे राहून कोणी मराठीत बोलू लागला तर काय होईल? सामान्य बोलण्यात दर सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारली जातात. म्हणजे पहिले अक्षर पूर्णपणे विरण्यापूर्वी त्यावर आणखी पंचवीसएक अक्षरे येऊन पडतात. त्यांत स्वर टिकतात, कारण ते बलवान असतात. व्यंजने बुडतात, कारण ती क्षीण आणि क्षणिक असतात. ‘तर’ आणि ‘थर’, ‘काट’ आणि ‘खाट’ ह्या जोड्यांतील भेद ज्या महाप्राणावर अवलंबून आहे, तो सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी काळ टिकणारा एक श्वास असतो. मागील स्वराच्या रेंगाळणाऱ्या नादाखाली तो सहज झाकला जातो. शेड प्रचंड असते, परंतु बोलणारा मोठा होत नाही. तो दूर जातो, पुसट होतो आणि शेवटी कळेनासा होतो. प्रत्यक्ष कारखान्यात बाजू उघड्या असल्या तर हा काळ बराच घटतो, पण त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

ह्याच मुलखात, वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे ‘सुतार झोपडी’ ह्या नावाने लोकांत प्रसिद्ध असलेल्या बौद्ध चैत्यगृहात, एकच दीर्घ स्वर लावला तर तो कमानीखाली अत्यंत गंभीरपणे घुमतो. दगडी चैत्यगृह आणि पत्र्याची शेड ह्या दोहोंत नाद रेंगाळतो. तरी एक ठिकाण मनाला विशाल वाटते आणि दुसरे गोंगाटाचे वाटते. ह्यामागे दगड आणि पत्रा ह्यांतील फरक आहेच. परंतु चैत्यगृहातील दीर्घ, संथ स्वर पडसादाला जागा देतो आणि शेडीतील भराभर बोलणे ती देत नाही, हे कारण त्याहून महत्त्वाचे आहे.

४

भिंतींवरून परतणाऱ्या असंख्य पडसादांच्या ह्या एकत्रित नादाला शास्त्रात ‘अनुरणन’ म्हणतात. मुद्रणगृहात त्यालाच ‘रिव्हर्ब’ म्हणतात. ‘अनुरणन’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराचे स्वरूप अनुस्वानाच्या, म्हणजे मागून उमटणाऱ्या नादाच्या, दृष्टान्ताने सांगितले, आणि परंपरेने तो दृष्टान्त घंटेच्या अनुरणनाशी जोडला. ह्या प्रकाराला ‘संलक्ष्यक्रम’ म्हणतात : आधी वाच्यार्थ, मग व्यंग्यार्थ, आणि दोहोंतील क्रम रसिकाला जाणवतो. घंटेवरचा टोल ऐकू आला नाही तर मागून येणारी गुणगुण कशाची, हे कळणार नाही.

काव्यशास्त्रातील हा दृष्टान्त ध्वनिमुद्रणात अक्षरशः खरा ठरतो. ध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सुमारे ७ मीटर जातो. म्हणून साडेतीन मीटरांवरील भिंतीचा पडसाद मूळ ध्वनीनंतर तितक्याच अवधीने परत येतो. इतक्या थोड्या अंतराने आलेला पडसाद कानाला वेगळा ऐकू येत नाही; तो मूळ ध्वनीत मिसळून त्याला भरीवपणा देतो. हेल्मुट हास ह्यांनी १९४९ मध्ये गटिंगेन येथील आपल्या प्रबंधात हे प्रयोगाने दाखवले. भिंत जितकी दूर, तितका पहिला पडसाद उशिरा. आणि मूळ ध्वनी व पहिला पडसाद ह्यांतील ह्या मोकळ्या क्षणावरून कान जागेच्या मोठेपणाचा अंदाज बांधतो. मुद्रणगृहात ह्या क्षणाला ‘प्री-डिले’ म्हणतात. तो राखला तर व्यंजन मोकळे राहते, शब्द जवळ राहतो, आणि जागा त्याच्या मागे उलगडते. तो राखला नाही तर शब्द आणि जागा एकमेकांत कालवली जातात.

येथून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मूळ ध्वनी आणि अनुरणन ह्यांच्या प्रमाणावरून कान अंतर ठरवतो. अनुरणन जितके अधिक, तितका गाणारा दूर. सर्वच ध्वनींना सारखेच अनुरणन दिले तर सर्वच दूर जातात, समोर कोणी उरत नाही, आणि जवळचे काही नसल्यामुळे दूरचे किती दूर हेही कळेनासे होते. कैलास लेण्याच्या छायाचित्रात पायथ्याशी उभा असलेला माणूस दिसला नाही तर त्या शिल्पाची उंची नजरेत भरत नाही. कानाचा न्यायही तोच आहे.

५

मराठी कलावंतांना हे तत्त्व यंत्रे येण्यापूर्वीच उमगले होते. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’ ह्या १९३७ च्या चित्रपटात व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे ह्यांनी प्रसंगाबाहेरचे पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातल्याच ध्वनींवर भिस्त ठेवली. भिंतीवरचे घड्याळ, पावले, घरातील वस्तूंचे आवाज हेच तेथे संगीताचे काम करतात. ह्यामुळे घराला माप मिळते. घड्याळाचा ठोका ऐकू येतो ह्याचा अर्थ इतर आवाज नाहीत, आणि इतर आवाज नाहीत ह्याचा अर्थ घर मोठे आणि रिते आहे. विजोड लग्नात कोंडलेल्या स्त्रीचा एकाकीपणा येथे अवकाशाच्या द्वारे सांगितला गेला आहे. ह्या चित्रपटाला ‘भव्य’ कोणी म्हणणार नाही. तरी अवकाशाची इतकी नेमकी योजना पुढच्या अनेक ‘भव्य’ चित्रपटांत आढळत नाही.

दुसरे उदाहरण १९४९ मधील आहे. बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ ह्या हिंदी चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ ह्या गीताचे संगीत खेमचंद प्रकाश ह्यांचे आणि आवाज लता मंगेशकर ह्यांचा. सुरुवातीला दूरून येणारा आणि हळूहळू जवळ येणारा आवाज हवा होता. तो कसा साधला, ह्याची हकिकत लताबाईंनी पुढे सांगितली आहे : ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी ठेवला होता, त्यांनी खोलीच्या कोपऱ्यातून गायला आरंभ केला, गात गात त्या चालत आल्या, आणि मुख्य ओळ सुरू होताना ध्वनिग्राहकाशी पोहोचल्या.

ह्या योजनेत खोली तीच राहिली. तिचे अनुरणन तेच राहिले. बदलले ते फक्त मूळ ध्वनीचे प्रमाण. कोपऱ्यात असताना श्रोत्याला गायिकेपेक्षा खोली अधिक ऐकू येते. ध्वनिग्राहकाशी आल्यावर खोलीपेक्षा गायिका अधिक ऐकू येते. दूर आणि जवळ ही दोन्ही टोके एकाच गीतात, एकापाठोपाठ दिल्यामुळे मधले अंतर श्रोत्याच्या कानाने स्वतः मोजले. सबंध गीत कोपऱ्यातून गायले असते तर ते केवळ अस्पष्ट झाले असते. एका साध्या खोलीचा महाल झाला तो चार पावलांच्या चालीने.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीतील ई.एम.टी. कंपनीने पोलादी पत्रा टांगून अनुरणन निर्माण करणारे यंत्र बाजारात आणले, आणि १९६१ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर ह्यांनी ते गणिताने निर्माण करण्याची रीत मांडली. तेव्हापासून अवकाश ध्वनीपासून सुटा झाला. आज एखाद्या चैत्यगृहाचा नादगुण टिपून तो संगणकावर कोणत्याही आवाजाला जोडता येतो. ‘महल’मध्ये जे चालून मिळवावे लागले ते आता कळ फिरवून मिळते, म्हणूनच त्याचा विवेक कठीण झाला आहे.

६

ह्या पार्श्वभूमीवर ‘सैराट’कडे वळावे लागते, कारण मराठी परीक्षणांत ‘भव्य’ ह्या शब्दाला आजचे वजन मुख्यतः ह्याच चित्रपटाने दिले. नागराज मंजुळे ह्यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. अजय-अतुल ह्यांनी त्याच्या संगीतातील वाद्यवृंदाचा भाग हॉलिवुडमधील सोनीच्या मुद्रणगृहात ध्वनिमुद्रित केला. मराठी चित्रपटासाठी हे अपूर्वच होते, आणि परीक्षणांनी त्या अपूर्वतेचा गौरव केला. परंतु हा गौरव बहुतांशी स्थळाचा आणि संख्येचा झाला. रचनेचा झाला नाही.

‘याड लागलं’ ह्या गीतात वाद्यवृंदाचा विस्तार आहे हे खरे. पण तो विस्तार जाणवतो तो अजय गोगावले ह्यांच्या एकट्या आवाजामुळे. शीर्षकच पाहावे. ‘वेड’ नव्हे, ‘याड’. ग्रामीण बोलीतला, घरातला, ओठांवरचा शब्द. हा शब्द जवळूनच बोलला जाऊ शकतो. तो मुद्रणातही जवळ ठेवला गेला आहे. त्याची व्यंजने स्वच्छ राहिली आहेत. मोठ्या दालनाची जाणीव करून देण्याचे काम तंतुवाद्यांकडे सोपवले आहे. जवळची बोली आणि दूरचा वाद्यवृंद ह्यांमधील अंतर हेच ह्या गीताचे क्षितिज होय. गावच्या मुलाच्या मनाला अचानक मिळालेले मोठेपण ह्या अंतरातून व्यक्त होते. प्रमाण मराठीतील, दूर ठेवलेल्या आवाजात तेच वाद्य आणि तेच दालन इतके मोठे वाटले नसते.

उलट ‘झिंगाट’मध्ये अवकाश जवळजवळ नाहीच. ताल कानाशी येऊन भिडतो. मागे रेंगाळणारे काही ठेवलेले नाही. तरीही ते गीत लहान वाटत नाही, कारण त्याचे मोठेपण व्यापाचे आहे. उघड्या मैदानात भिंती नसतात. तेथे नाद घुमत नाही, स्थळ दुमदुमते. पहिले गीत घुमते, दुसरे दुमदुमवते. दोहोंना एकच विशेषण लावणाऱ्या परीक्षणाच्या हातून दोहोंचेही मर्म निसटते.

ह्या संगीतात उणिवाही आहेत. काही ठिकाणी गायन, तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये एकाच वेळी पूर्ण बळाने वाजू लागतात आणि जवळ-दूर हा भेद मावळतो. अशा स्थळी ध्वनीची राशी वाढते, मोठेपणा मात्र वाढत नाही. परंतु चित्रपटाच्या एकूण रचनेने ही उणीव भरून काढली आहे. गीते पूर्वार्धात संपतात. उत्तरार्ध गीतांवाचून चालतो. आणि शेवट संगीतावाचून होतो. त्या शेवटची शांतता इतकी विस्तीर्ण वाटते, ह्याचे कारण तिच्या आधी तो वाद्यवृंद येऊन गेलेला आहे. चित्रपटभर पसरलेली साद आणि तिला न मिळालेला पडसाद, असे ह्या रचनेचे वर्णन करता येईल. सर्वांत मोठा अवकाश येथे वाद्यांनी दिलेला नाही; त्यांच्या थांबण्याने दिलेला आहे.

७

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, संबंधाचे महत्त्व मान्य केले तरी मोठ्या वृंदाला पर्याय नाही. चाळीस वादकांचे सूर आणि त्यांच्या कालाच्या सूक्ष्म विसंगती ह्यांतून जो दाटपणा येतो, तो एका व्हायोलिनच्या चाळीस प्रती करून मिळत नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु त्यातून सिद्ध होते ते व्यापाचे मूल्य. व्याप हा मोठेपणाचा एक घटक आहे, त्याचा पर्याय नव्हे. ज्या भाषेत प्रत्येक नामामागे ‘प्रचंड’ हे विशेषण लावले जाते, त्या भाषेत ‘प्रचंड’ ह्या शब्दाचा अर्थ शून्य होतो. भाषेतील प्रत्येक चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदाने ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त ध्वनिमुद्रणालाही लागू पडतो.

ह्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत मोठ्या संगीतकारांना मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते ती लहान गावांतल्या मुद्रकांना. एमआयडीसीच्या आसपासच्या एखाद्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, संगणक आणि एक ध्वनिग्राहक घेऊन बसलेल्या तरुणाला परीक्षणे वाचून असे वाटते की भव्यता ही दालनाची आणि वृंदाची गोष्ट आहे. दालन आणि वृंद आपल्याजवळ नाहीत, तेव्हा निदान त्यांचा भास तरी विकत घेतलेल्या अनुरणनाने निर्माण करावा. मग गोंधळ्याचे संबळ, हलगी आणि गाणाऱ्याचा आवाज हे सारे एकाच नादात बुडवले जाते. त्यात पहिला बळी बोलीचा जातो. ज्या उच्चारांनी ते गाणे त्या मुलखाचे ठरते, तेच उच्चार आधी पुसले जातात. उरते ते कोठलेही असू शकेल असे, पुष्कळ रेंगाळणारे आणि म्हणून लहान वाटणारे गाणे.

त्याला खरोखर हवी आहे ती योग्य शब्दांनी बोलणारी समीक्षा. कोणता ध्वनी जवळ आहे, कोणता दूर आहे, त्यांच्यामध्ये किती मोकळा क्षण राखला आहे, नाद घुमतो की स्थळ दुमदुमते, हे प्रश्न समीक्षेने विचारले, तर एक संबळ जवळ आणि एक दूर ठेवून लहान खोलीतही मोठे मैदान उभे करता येते, हे त्याला कळेल. लताबाईंच्या चार पावलांना ह्याहून अधिक सामग्री लागली नव्हती. ‘भव्य’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तो लिहिण्यापूर्वी त्या ध्वनिमुद्रणात लहान आणि जवळचे असे काय ठेवले आहे, हे परीक्षणकर्त्याने सांगितले पाहिजे. ते सांगता आले नाही, तर तेथे भव्यताही नाही; केवळ पडसाद आहेत, आणि साद ऐकू येत नाही.